कर्ण्यात शिरलेला बँड : मेणाच्या नळ्यांवरचं संगीत असं का ऐकू येतं?

१ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेत १९२३ च्या आधीची सगळी ध्वनिमुद्रणं सर्वांसाठी खुली झाली. तिथं पुस्तकांचे हक्क ठरावीक वर्षांनी संपायचे, पण जुन्या ध्वनिमुद्रणांचं घोंगडं वेगवेगळ्या राज्यांच्या कायद्यांत भिजत पडलं होतं. २०१८ साली झालेल्या कायद्यानं ते एकदाचं वाळलं. २०२४ पासून तर दर १ जानेवारीला आणखी एका वर्षाचा साठा मोकळा होतो. या मोकळ्या झालेल्या खजिन्यात मेणाच्या हजारो नळ्या, म्हणजे तबकड्यांच्या आधीच्या रेकॉर्डी, आहेत, आणि त्यातल्या कितीतरींवर गाणं नाही, बँड आहे.

आपल्याकडचे संगीतप्रेमी मोठ्या उत्सुकतेनं हे ऐकायला जातात आणि अर्ध्या मिनिटात परत येतात. आधी नुसती खरखर. मग कुणीतरी माणूस लांबून हाळी घातल्यासारखं काहीतरी बोलतो. मग पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखा बँड वाजतो आणि दोन मिनिटांत एकदम थांबतो. "त्या काळचे बँड इतके वाईट वाजायचे?" हा प्रश्न मला अनेकांनी विचारलाय.

नाही. ते वादक त्यांच्या देशातले उत्तम वादक होते. आपण ऐकतो ते चाळणीतून खाली पडलेलं पीठ आहे. चाळणीची भोकं केवढी होती, हे एकदा कळलं की त्या पिठावरून गव्हाचा अंदाज बांधता येतो. आणि तो बांधायला लागलं की या नळ्या सोडवत नाहीत, हे मी अनुभवानं सांगते.

आधी नळी म्हणजे काय ते पाहू

वहीचा एक कागद तोंडासमोर उभा धरा आणि मोठ्यानं "आ" म्हणा. कागद धरलेल्या बोटांना बारीक थरथर जाणवेल. आवाज म्हणजे हवेची थरथर, आणि ती कागदाला हलवते. आता त्या कागदाच्या जागी एक पातळ पडदा बसवला, पडद्याला एक टोकदार पातं लावलं आणि पात्याखालून मऊ पृष्ठभाग सरकवला, तर ती थरथर त्यावर कोरली जाईल. पुढे त्याच चरीतून दुसरी सुई फिरवली की पडदा पुन्हा तसाच थरथरेल आणि हवा पुन्हा तशीच हलेल. फोनोग्राफ म्हणजे एवढंच. थॉमस एडिसननं १८७७ साली हे केलं तेव्हा मऊ पृष्ठभाग म्हणून कथलाचा वर्ख वापरला होता. तो काही वेळा वाजवला की फाटायचा. १८८० च्या दशकात चिचेस्टर बेल आणि चार्ल्स टेंटर या दोघांनी वर्खाऐवजी मेण वापरलं, आणि १८८८ पासून एडिसननंही अख्ख्या मेणाच्या नळ्या बनवायला सुरुवात केली.

मेण म्हणायचं खरं, पण ते मधमाशीचं नव्हे. तो धातू मिसळलेला एक प्रकारचा कडक साबण. सुरुवातीच्या नळ्यांचा रंग गुळासारखा तपकिरी. व्यास सुमारे ५.७ सेंटीमीटर, लांबी पावणेअकराच्या आसपास, म्हणजे पाणी प्यायच्या लहान पेल्याएवढी. आतून पोकळ, जेणेकरून यंत्राच्या दांड्यावर सरकवता यावी. मनगटात बांगडी चढवावी तशी ती चढवायची. म्हणूनच हिंदुस्थानात या यंत्राला "चूडी बाजा" म्हणत.

नळीच्या अंगावर स्क्रूच्या आट्यांसारखी एकच अखंड चर फिरत जाते, एका इंचात १०० आटे. ती उलगडून सरळ केली तर साठ-सत्तर मीटर लांब भरेल. चरीचा तळ आवाजाप्रमाणे वर-खाली होतो, घाटातल्या चढउतारांसारखा. पुढे आलेल्या बहुतेक तबकड्यांची चर डावी-उजवीकडे वळते, नागमोडी रस्त्यासारखी. नळीवरचे हे चढउतार केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी खोल असतात, आणि अख्खा बँड त्यात मावलेला असतो.

पण बँडच का? गाणं का नाही?

गाणीही होतीच. पण बँडला मान होता, आणि त्याचं कारण संगीताच्या आवडीइतकंच त्या यंत्रातही आहे.

या सगळ्या प्रक्रियेत वीज कुठेच आवाजाच्या मदतीला येत नाही. नळी फिरवायला मोटर असेल, पण मायक्रोफोन नाही, आवाज वाढवणारं काही नाही. मायक्रोफोननं ध्वनिमुद्रण सुरू झालं १९२५ साली. तोवर मेण कापायचं बळ थेट वादकाच्या फुप्फुसातून यायचं. पत्र्याचा मोठा कर्णा तो आवाज गोळा करून टोकाच्या पडद्यावर आणून सोडायचा, नरसाळ्यानं तेल बाटलीत ओतावं तसा. जे वाद्य मोठं वाजतं आणि एकाच दिशेला वाजतं, त्याची चर खोल उमटणार. कॉर्नेट (ट्रम्पेटचा आखूड, गोलसर भाऊ) आणि ट्रॉम्बोन यांना स्वतःचाच कर्णा असतो. तो समोरच्या कर्ण्यावर रोखला की काम झालं. उलट व्हायोलिनचा आवाज नाजूक, चहूकडे पांगणारा. त्याची तर पंचाईतच व्हायची. शेवटी ऑगस्टस स्ट्रोह नावाच्या माणसानं १८९९ साली व्हायोलिनची लाकडी पेटी काढून तिथं पडदा आणि धातूचा कर्णा बसवला. ध्वनिमुद्रणापायी वाद्याचं अंगच बदललं!

दुसरं कारण म्हणजे तो काळ. अमेरिकेत गावोगावी बँड होते, बागेबागेत बँडसाठी चौथरे होते. १८८९ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मद्यालयात नाणं टाकून ऐकायचं यंत्र बसलं. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारख्या नळ्या कानाला लावायच्या आणि पाच सेंटचं नाणं टाकायचं. अशा ठिकाणी दोन मिनिटांत पावलं हलवायला लावणारं काय हवं? कवायतीची चाल, म्हणजे मार्च. पुनरावृत्त्या गाळल्या की ती नळीवर बरोबर मावायची.

वॉशिंग्टनचा बँड आणि सूसा नावाचा माणूस

१८८९ साली वॉशिंग्टनमध्ये कोलंबिया फोनोग्राफ कंपनी निघाली. तिच्या दाराशीच देशातला नामांकित बँड होता, युनायटेड स्टेट्स मरीन बँड, राष्ट्राध्यक्षांच्या समारंभांत वाजणारा. १८९० पासून कोलंबियानं त्याच्या नळ्या काढायला सुरुवात केली आणि १८९२ पर्यंत दोनशेहून अधिक वेगवेगळ्या रचना विक्रीला आल्या होत्या. या काळात बँडचा प्रमुख होता जॉन फिलिप सूसा, ज्याला पुढे जग "मार्चचा राजा" म्हणून ओळखू लागलं.

सूसा म्हणजे आपल्या गोव्याच्या डिसोझांचंच आडनाव. वडील पोर्तुगीज वंशाचे, मरीन बँडमध्येच ट्रॉम्बोन वाजवणारे. मुलगा तेराव्या वर्षी त्याच बँडमध्ये शिकाऊ म्हणून लागला. हे वाचताना मला गोव्याच्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकून मुंबईतल्या, पलटणींतल्या आणि संस्थानांच्या बँडमध्ये नोकरीला लागलेले गोंयकार वादक आठवतात. दोन्हीकडे मुळाशी तोच पोर्तुगीज धागा, आणि बापाच्या हातातलं वाद्य मुलाच्या हातात.

त्या खोलीत नेमकं काय चालायचं

इथं थोडं थांबू या, कारण सगळी गंमत या खोलीत आहे.

बँडच्या मैफलीत चाळीस-पन्नास वादक असायचे. ध्वनिमुद्रणाला त्यातले डझनभर, फार तर थोडे अधिक. बाकीच्यांना जागाच नाही, कारण कर्ण्याला जवळचंच ऐकू येतं. बसायची रीत मैफलीपेक्षा पार वेगळी. क्लॅरिनेट मऊ, म्हणून पुढे. कॉर्नेट आणि ट्रॉम्बोन दणदणीत, म्हणून मागे, आणि मागच्यांचा आवाज पुढच्यांच्या डोक्यांवर आपटू नये म्हणून उंच मांडण्यांवर. फ्रेंच हॉर्नचं तोंड मागे उघडतं, त्यामुळे तो वाजवणाऱ्यांना कर्ण्याकडे पाठ करून बसवायचे आणि बँडमास्तर दिसावा म्हणून समोर आरसा टांगायचे. मोठा ढोल बहुतेक वेळा खोलीबाहेरच, कारण त्याचा एक ठोका जोरात पडला तर पातं मेणात रुतून अख्खी नळी वाया जायची. एकट्यानं वाजवायचा तुकडा आला की तो वादक उठून कर्ण्याजवळ सरकायचा आणि संपला की मागे व्हायचा. आज ध्वनिमुद्रणात जे काम बटणं सरकवून होतं, ते तेव्हा माणसं सरकवून व्हायचं.

आणि कर्णा एक नव्हे. बँडसमोर दहाच्या आसपास यंत्रं मांडलेली असायची, प्रत्येकाचा कर्णा वादकांकडे वळवलेला. यंत्रं एकामागून एक सुरू करायची. प्रत्येक नळीच्या सुरुवातीला एक माणूस रचनेचं, बँडचं आणि कंपनीचं नाव कर्ण्यात ओरडून सांगायचा. तीच ती हाळी. तपकिरी नळीवर नाव लिहायला जागा नव्हती. कागदी डब्यांची अदलाबदल झाली तर आत काय आहे हे वाजवल्याशिवाय कळायचं नाही, म्हणून नळीनं स्वतःचं नाव स्वतः सांगायचं. पुढे साच्यातून निघणाऱ्या नळ्यांच्या कडेवरच नाव उमटू लागलं.

हीच सवय आपल्याकडेही येऊन पोचली होती. वॉशिंग्टनमध्ये कोलंबियाच्या या नळ्यांच्या दिवसांत पोरवयात पियानो वाजवणारा फ्रेड गायस्बर्ग १९०२ साली ग्रामोफोन कंपनीसाठी कलकत्त्याला आला आणि त्यानं गौहर जानचं गाणं तबकडीवर घेतलं. गाण्याच्या शेवटी गौहर जान इंग्रजीत आपलं नाव सांगते, ते अनेकांनी ऐकलं असेल. तबकड्या छापायला जर्मनीत हानोव्हरला जायच्या, आणि तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळायला तोच पुरावा होता.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. सुरुवातीच्या काळात नळीची चांगली नक्कल काढायची सोयच नव्हती. म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातात पडणारी नळी बहुधा वादकांनी प्रत्यक्ष वाजवून कोरलेली असायची. हिशेब करून पाहा. एका रचनेच्या ३०० नळ्या हव्यात आणि समोर १० यंत्रं आहेत, तर तीच रचना ३० वेळा वाजवायची. वाजवली, नळ्या उतरवल्या, कोऱ्या चढवल्या, पुन्हा वाजवली. लग्नघरात पंगतीमागून पंगत उठावी तसं. कॉर्नेट वाजवणाऱ्याच्या ओठांचं काय होत असेल याची कल्पना ज्यानं कधी पितळी वाद्य तोंडाला लावलंय त्यालाच येईल. गायकाचा आवाज तर तीन-चार यंत्रांपुरताच पोचायचा. त्या मानानं बँड परवडायचा. बँडच्या लाडकेपणामागे हेही एक रोकडं कारण आहे.

म्हणून १८९० च्या दशकातली एकाच नावाची दोन नळी-मुद्रणं ऐकली तर ती जुळ्या भावांसारखी असतात, एकच माणूस नव्हे. एकीत क्लॅरिनेट चुकते, दुसरीत नाही. एकीवर कॉर्नेटच्या जवळचा कर्णा होता, दुसरीवर ट्रॉम्बोनच्या. एक नळी फुटली तर ती नेमकी वाजवणी आणि तो नेमका कोन कदाचित कायमचा जातो. आजच्या अर्थानं ती "प्रत" नसतेच.

मग नकला कशा काढू लागले?

आधी एक लटपटी उपाय निघाला. रस्त्याच्या कडेला बसणारा चावीवाला आठवा. मूळ चावी एका चिमट्यात, कोरी दुसऱ्यात. मूळ चावीच्या दात्यांवरून एक कांडी फिरते आणि तिला जोडलेलं चाक कोऱ्या चावीवर तसेच दाते पाडतं. नळ्यांसाठीही अशीच जोडयंत्रं होती, एका नळीच्या चरीतून सुई फिरणार आणि तिची हालचाल दुसऱ्या मेणावर कोरली जाणार. पण चावीच्या नकलेची नक्कल कुलपात अडकते तशी आवाजाचीही धार बोथट व्हायची, आणि मूळ नळी दर खेपेला झिजायची.

खरा तोडगा १९०२ साली एडिसनच्या कारखान्यातून बाजारात आला. मूळ मेणाची नळी हवा काढलेल्या पात्रात ठेवायची आणि विजेच्या ठिणगीनं सोन्याची वाफ करून तिच्यावर अतिशय पातळ थर बसवायचा. मेणावर थेट धातू चढत नाही, सोन्यावर चढतो. त्या सोन्यावर तांब्याचा जाड थर चढवला की आतल्या बाजूला चरीचा उलटा ठसा असलेला साचा तयार. मग त्यात पातळ केलेलं मेण भरायचं.

इथं मला कायम एक शंका यायची. चर जर आडवी फिरलेली, तर साच्यातून नळी सरळ ओढून काढताना सगळे आटे खरवडून निघणार नाहीत का? उत्तर कोकणातल्या कुणाही माणसाला आवडेल. नारळ झाडावर पुरा सुकला की आतलं खोबरं आक्रसतं, करवंटीपासून सुटतं आणि गोटा आत खुळखुळायला लागतो. मेणही थंड होताना आक्रसतं. नळी साच्यापासून केसभर सुटते आणि अलगद बाहेर येते, एकही चढउतार न दुखावता. विकल्या जाणाऱ्या नळीत सोनं नसायचंच, ते साच्यात राहायचं. पण जाहिरातीत "सोन्याच्या साच्यातली" म्हटल्यावर कोणाला आवडणार नाही?

यानंतर बँडला तीच चाल तीस वेळा वाजवायची गरज उरली नाही. १९०८ साली इंचाला २०० आट्यांच्या, चार मिनिटं वाजणाऱ्या नळ्या आल्या आणि १९१२ साली मेण जाऊन निळ्या सेल्युलॉइडच्या. तोवर तबकडीनं बाजार जिंकला होता. ती एकावर एक रचता येते, छापायला सोपी, आणि पुढे दोन्ही बाजूंना वाजणारी निघाली. एडिसननं १९२९ साली रेकॉर्डींचा धंदाच बंद केला.

बँड खरंच असा डब्यात कोंडल्यासारखा वाजायचा का?

आता चाळणीकडे येऊ. माणसाच्या तरुण कानाला सेकंदाला २० पासून २०,००० पर्यंत कंपनं ऐकू येतात. कर्णा आणि पडदा मिळून त्यातली साधारण २०० ते ३,००० च्या आसपासचीच धड पकडायचे. जुना लँडलाइन फोन आठवा, तो साधारण ३०० ते ३,४०० एवढीच नेतो. थोडक्यात, बँडनं फोनवरून वाजवून दाखवल्यासारखा हा प्रकार आहे. झांजेची चमक वरून गेली, ट्यूबाचा (बँडमधलं खर्जातलं मोठं पितळी वाद्य) खर्ज खालून गेला.

"मग ट्यूबा ऐकू कसा येतो?" हा प्रश्न चोखंदळ ऐकणाऱ्यानं विचारलाच पाहिजे. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर सेकंदाला शंभर-सव्वाशे कंपनांचा असतो. फोन तो नेतच नाही, तरी फोनवर काकांचा आवाज काकांसारखाच येतो. कारण प्रत्येक स्वराबरोबर त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनंही उमटतात. तेवढी कानावर पडली की मेंदू खालचा गहाळ स्वर स्वतः भरून काढतो. तंबोऱ्याच्या खर्जातून गंधार ऐकणाऱ्या आपल्या कानांना ही गोष्ट नवी वाटायला नको. तिथं आपण मूळ स्वरावरून उपस्वराकडे जातो, इथं उपस्वरांवरून मूळ स्वराकडे. नळीवरचा ट्यूबा ऐकणाऱ्याच्या डोक्यात वाजतो.

म्हणून माझं सांगणं असं की आवाजाच्या पोतावरून या बँडांची परीक्षा करू नका. पोत यंत्राचा आहे. वादकांचं म्हणावं असं जे आहे ते बघा. सूर एकमेकांशी लागलेत का, जलद तानेसारखे तुकडे क्लॅरिनेटवाले एकजीव वाजवतात का, लय ढळते का. या तिन्ही गोष्टी चाळणीतून सहज खाली येतात, आणि या तिन्हींत ते लोक जबरदस्त होते. एका नळीत मध्येच चूक दुरुस्त करायची सोय नव्हती, हे लक्षात घेतलं की आदर आणखी वाढतो.

कुठे बँड पळतो, कुठे रेंगाळतो, हे का?

हा घोळ वेगाचा आहे, आणि मला तो फार आवडतो, कारण तो आपल्या सरगमीत चपखल सांगता येतो.

सुरुवातीच्या तपकिरी नळ्या मिनिटाला १२० फेऱ्यांच्या आसपास कोरल्या जायच्या, पण पक्का नियम नव्हता. १९०२ च्या सुमारास १६० फेऱ्या हे प्रमाण ठरलं. समजा १२० वर कोरलेली नळी कुणी १६० वर वाजवली. १६० ला १२० नं भागलं की येतात चार-तृतीयांश, आणि चार-तृतीयांश म्हणजे षड्जापासून शुद्ध मध्यम! जो वादक सा वाजवतोय तो आपल्याला म वाजवताना ऐकू येणार. लयही त्याच पटीत पळणार. सैनिकी कवायतीची ठरलेली चाल मिनिटाला १२० पावलांची, ती होणार १६० पावलांची. असं कुणी चालत नाही, पळतं.

मग खरा वेग शोधायचा कसा? छापील स्वरलिपीवरून रचना कोणत्या स्वरात आहे ते कळतं. तो स्वर येईपर्यंत वेग कमी-जास्त करायचा. पण त्यातही मेख आहे. त्या काळी अमेरिकेतल्या बऱ्याच बँडांची वाद्यं आजच्या प्रमाण स्वरापेक्षा चढी लावलेली असत, अर्धस्वराच्या निम्म्याहून थोडी जास्त. म्हणून दुसरा साक्षीदार लागतो, पावलांची लय. आणि तिसरा तो हाळी देणारा माणूस. त्याचा आवाज माणसासारखा वाटला पाहिजे, चिमुकल्या पोरासारखा नाही आणि राक्षसासारखाही नाही. तिघांची साक्ष जुळली की वेग सापडला. इंटरनेटवर एखादी नळी विचित्र घाईत वाजत असेल, तर वादकांना दोष देण्याआधी कुणीतरी ती चुकीच्या वेगानं उतरवली असेल, हे ध्यानात घ्या.

खरखर संगणकानं पुसून का टाकत नाहीत?

पुसता येते, थोडी. पण साबणासारख्या या मेणाला बुरशी लागते आणि ती पृष्ठभाग खाते. बुरशीनं खाल्लेली जागा म्हणजे गेलेला आवाजच, तो कुठून आणणार? शिवाय खरखर आणि झांज हे दोन्ही संगणकाला जवळपास सारखेच दिसतात. सरसकट पुसायला गेलं की कॉर्नेटची धारही जाते आणि बँड पाण्याखाली वाजल्यासारखा लागतो. मी तरी न पुसलेलीच नळी ऐकते. पाच मिनिटांत कान खरखरीला सरावतो, पावसात पत्र्याच्या घरात बोलणं ऐकू येतं तसा.

सुई न टेकवता ऐकायची युक्तीही निघाली आहे. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत कार्ल हेबर या कणभौतिकीच्या शास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसह चरीचा खोलीसकट सूक्ष्म नकाशा प्रकाशानं टिपून त्यावरून आवाज गणितानं काढायची पद्धत बसवली. तडा गेलेल्या, सुई झेपणार नाही अशा नळ्याही त्यामुळे बोलू लागल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या ग्रंथालयानं २००५ पासून दहा हजारांहून जास्त नळ्यांचे आवाज इंटरनेटवर विनामूल्य ठेवले आहेत. बँड ऐकायचा तर तिथूनच सुरुवात करा.

आणि कधी जुन्या बाजारात खरी नळी हातात आलीच, तर बाहेरून पकडू नका. दोन बोटं आत घालून हलकेच फाकवा आणि तशी उचला. गार नळीला गरम तळव्याची ऊब लागली तरी तडा जाऊ शकतो.

सूसाला हे सगळं आवडलं नव्हतं, त्याचं काय?

अजिबात आवडलं नव्हतं. १८९२ मध्ये मरीन बँड सोडून त्यानं स्वतःचा बँड काढला. तो देशोदेशी गाजला आणि त्याच्या नावानं ध्वनिमुद्रणंही भरपूर निघाली. पण कर्ण्यासमोर उभं राहायचं काम तो बहुतेक वेळा आर्थर प्रायर, हर्बर्ट क्लार्क अशा सहकाऱ्यांवर सोपवायचा. १९०६ साली त्यानं यांत्रिक संगीताविरुद्ध जळजळीत लेख लिहिला आणि अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्षही दिली. यंत्र आलं की घरातली मुलं गाणं-वाजवणं सोडतील, असं त्याचं म्हणणं. डबाबंद अन्नावरून "डबाबंद संगीत" हा शब्दही त्यानंच रूढ केला.

त्यात स्वार्थही होता आणि तो रास्त होता. त्याच्या चालींच्या हजारो नळ्या विकल्या जात आणि रचनाकार म्हणून त्याला त्यातून छदाम मिळत नसे. १९०९ च्या कायद्यानं प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट रचनाकाराला द्यायचं ठरलं. आज कुठलंही गाणं कुठेही वाजलं की संगीतकाराला जे मानधन मिळायला हवं, त्या हक्काच्या लढाईतली ही एक जुनी चकमक आहे.

मुलांबद्दलची त्याची भीती मात्र मला निम्मीच पटते. घराघरांतली वाद्यं खरंच कमी झाली. पण ज्या खेड्यात कधी मोठा बँड आला नसता, तिथल्या पोरानं कॉर्नेट कसा वाजवावा हे याच नळ्यांवरून ऐकलं. आणि आज सूसाच्या काळातले वादक प्रत्यक्ष कसे वाजवायचे, कुठे लय किंचित ताणायचे, कुठे ठोका टोकदार करायचे, हे छापील कागदावरून कधीच कळलं नसतं.

आता एक नळी ऐका

१८९० च्या दशकातली एखादी निवडा. हाळी येऊ द्या, नावं समजली नाहीत तरी चालेल, आवाज माणसाचा वाटतोय का एवढंच बघा. पहिल्या ओळीला क्लॅरिनेट जवळून ऐकू येतील. त्यांच्या मागे उंचावर बसलेले कॉर्नेट शोधा. खर्जासाठी कान ताणू नका, मेंदू ते काम करतोय. जिथं पुनरावृत्ती यायला हवी तिथं बँड सरळ पुढे निघून जाईल, कारण मेण संपत आलंय. शेवटच्या ओळीत घाई जाणवली तर तीही त्याचमुळे.

शेवटचा स्वर संपल्यावर खरखर आणखी दोन सेकंद चालते. ती बंद करू नका. त्या दोन सेकंदांत डझनभर माणसं श्वास रोखून उभी आहेत. यंत्रं थांबली की नळ्या उतरतील, दहा कोऱ्या चढतील आणि हाळी देणारा पुन्हा कर्ण्यापाशी येईल.